आजोबांच्या घरातलं फर्निचर आज कुठे शोधायचं, कसं पारखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दादरच्या हिंदू कॉलनीत आजोबांचं घर होतं. त्यात रुंद हातांची वेताची आरामखुर्ची, गोल कोपऱ्यांचं काचेचं शोकेस आणि तिरक्या पायांचा टीपॉय होता. इमारत पाडायला दिली तेव्हा सगळं भंगारात गेलं. आता पुण्याच्या नव्या घरात तशाच वस्तू हव्या आहेत, पण फसायचं नाही. जमलं तर एखादी वस्तू अमेरिकेतल्या बहिणीलाही पाठवायची आहे. जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि खरेदी-विक्री हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, एवढ्यात बाजारात जाऊ नका. तुम्ही तीन वस्तू एका दमात सांगितल्या, पण त्या एका काळातल्या नाहीत. गोल कोपऱ्यांचं शोकेस हे आर्ट डेको वळणाचं काम. 1930 च्या दशकात मुंबईत मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची रांग, आणि त्याच सुमाराला माटुंगा, दादर, शिवाजी पार्क इथे गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. (ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.) इमारती जशा, तसंच त्यांच्या आतलं लाकूडकाम: वळवलेले कोपरे, पायऱ्यापायऱ्यांचं माथं, आडव्या खाचांच्या ओळी, गोल मुठी. ही पद्धत मध्यमवर्गीय घरांत पन्नासच्या दशकापर्यंत टिकली. टीपॉय मात्र त्यानंतरचा असावा. खाली निमुळते होत जाणारे, बाहेर झुकलेले पाय ही स्वातंत्र्यानंतर आलेली लकब आहे. परदेशी मासिकांतली डॅनिश फर्निचरची चित्रं बघून आपल्याकडच्या सुतारांनी ती उचलली. आणि वेताची लांब हातांची आरामखुर्ची या दोन्हींहून जुनी. तिचा घाट एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला आहे आणि तो फारसा बदललाच नाही. म्हणून दुकानात जाऊन ‘व्हिंटेज सेट’ मागितला, तर समोर येणारा सेट बहुतेक वेळा मागच्या वर्षी बनलेला असतो. आजोबांच्या घरात सेट नव्हता. लग्नात एक वस्तू आली, बढतीनंतर दुसरी, कोणी घर बदललं तेव्हा तिसरी, असं ते घर भरत गेलं होतं.

दुसरी गोष्ट, कंपनीचं नाव शोधण्यात वेळ घालवू नका. लोखंडी कपाटाला नाव असतं. गोदरेजने 1923 पासून पोलादी कपाटं बनवली, आणि कुलपावर, मुठीवर किंवा दारावर ते नाव सापडतं. लाकडी वस्तूंचं तसं नाही. मुंबईत मोठ्या फर्निचर कंपन्या होत्या, पण हिंदू कॉलनीतल्या घरात यायच्या त्या बहुतेक वस्तू गल्लीतल्या मिस्त्रीने केलेल्या असत. कित्येक घरांत तर लाकूड मालक आणून टाकायचा आणि सुतार गच्चीवर नाहीतर मागच्या व्हरांड्यात बसून महिना-दीड महिना काम करायचा. त्यामुळे हुबेहूब दुसरी खुर्ची जगात असेलच असं नाही. असते ती त्याच घाटाची, त्याच मापाची, त्याच लाकडाची बहीण. तीच शोधायची आहे, आणि ती ओळखता येण्यासाठी आपल्याला नेमकं काय हवं आहे हे आधी कागदावर आलं पाहिजे.

त्यासाठी जुने फोटो काढा. खुर्चीचा फोटो म्हणून कोणी काढलेला नसतो. बारशाचे, मुंजीचे, साठीच्या शांतीचे, कोणी परदेशी निघाल्याचे फोटो बघा आणि माणसांच्या मागे काय दिसतं ते न्याहाळा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सगळ्यांत आधी जमीन बघायला सांगतो. त्या काळच्या घरांतल्या नक्षीच्या सिमेंट फरश्या बहुधा 8 इंच चौरस असत. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमध्ये तीन फरश्या दिसत असतील तर रुंदी साधारण 24 इंच. कॅमेरा तिरका असेल तर पायाशी लागून असलेल्या फरशीवरच हिशेब करा, मागच्या नको. अशी चार मापं मिळाली तरी पुरे: एकूण रुंदी, बैठकीची उंची, हातांची लांबी, पाठीची उंची. मग मावशी, काका, आत्या यांना वेगवेगळं विचारा: हात किती रुंद होते, त्यावर चहाचा कप राहायचा का, हातांखालून पुढे सरकणाऱ्या, पाय टाकायच्या फळ्या होत्या का, मधे वेत होता की दांडी ओवलेलं जाड कापड होतं. एकत्र बसून विचारलंत तर सगळे पहिल्याचंच म्हणणं उचलून धरतात.

आणि विचारताना हेही विचारा की खरंच सगळं भंगारात गेलं का. माझा अनुभव असा की ‘सगळं गेलं’ हे वाक्य क्वचितच पूर्ण खरं असतं. शोकेस जातं कारण ते नव्या फ्लॅटमध्ये मावत नाही. टीपॉय मात्र कोणाच्या तरी गावच्या घरी, गॅसच्या सिलिंडरशेजारी, वर ऑइलक्लॉथ टाकून उभा असतो. जुन्या मोलकरणीच्या घरी, सोसायटीच्या ऑफिसात, इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याकडे अशा वस्तू पोहोचलेल्या असतात. बाजारात पैसे टाकण्याआधी चार फोन याच्यावर खर्च करा. मिळाली तर ती नक्कल नसेल, तीच वस्तू असेल.

हे सगळं झाल्यावर बाजाराचा विचार. जुनं फर्निचर दुकानात तयार होत नाही, ते घरातून बाहेर पडतं. घर केव्हा रिकामं होणार हे ज्याला आधी कळतं त्याला चांगली वस्तू रास्त भावात मिळते, बाकीच्यांना ती दोन-तीन हात बदलून, पॉलिश मारून, दुप्पट-तिप्पट दराने मिळते. आज मुंबईत दादर, माटुंगा, पार्ले आणि पुण्यात डेक्कन, प्रभात रोड, एरंडवणे या भागांत जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला चालल्या आहेत. करार होतो, जागा रिकामी करण्याची तारीख ठरते, आणि शेवटच्या काही आठवड्यांत प्रत्येक घरासमोर एकच प्रश्न उभा राहतो: भाड्याच्या तात्पुरत्या घरात हे कपाट नेऊन ठेवायचं कुठे? हीच तुमची वेळ. ओळखीच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना सांगून ठेवा. सामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्यांना सांगा, त्यांना सगळं आधी माहीत असतं. जिन्यातल्या फळ्यावर चिठ्ठी लावा: ‘आजोबांच्या घरात होती तशी आरामखुर्ची हवी आहे, जपून वापरू.’ वस्तू देणाऱ्यालाही ती चांगल्या घरी जावी असं वाटत असतं, आणि असं लिहिलेलं वाचून फोन येतात. मात्र घर सोडणारा माणूस घाईत आणि हळवा असतो. भंगारवाला देईल त्याहून नक्कीच जास्त द्या. त्याच्या अडचणीवर सौदा करू नका.

ऑनलाइन जाहिराती बघत असाल तर घरातली माणसं त्या वस्तूला काय म्हणतील ते शब्द टाकून शोधा. विकणारा ‘मिड-सेंच्युरी’ (म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातलं) कधीच लिहीत नाही. तो ‘जुनी सागवानी खुर्ची’, ‘अँटिक’, ‘इझी चेअर’, ‘आजीचं कपाट’ असं लिहितो, तेही स्पेलिंग चुकवून. चुकलेल्या स्पेलिंगनेही शोधा, कारण तिथे बाकी गिऱ्हाईक पोहोचलेलं नसतं.

ठिकाणांपैकी मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार सगळ्यांत मोठा. माल भरपूर, पण जुनं, जुन्या लाकडातून नव्याने केलेलं आणि निव्वळ नवं हे तिन्ही एकाच छपराखाली, एकाच रंगाचं पॉलिश मारून उभं असतं. चोर बाजारातली मटण स्ट्रीट लहान वस्तूंसाठी चांगली: आरसे, दिवे, मुठी, बिजागऱ्या, काचेच्या मुठींची जोडी. पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे फर्निचरपेक्षा फर्निचरचे सुटे भाग मिळतात, आणि तुमच्या शोकेसची पितळी कडी हरवली असेल तर तीही जागा बघाच. गुजरातेत भावनगरजवळ अलंगला जहाजं तोडतात. तिथल्या रस्त्याकडेच्या दुकानांत जहाजांवरची टेबलं-खुर्च्या असतात. त्या दणकट असतात, पण तुमच्या आजोबांच्या घरातल्या नव्हेत. तमिळनाडूत कराईकुडीला बर्मा सागाचं जड चेट्टियार फर्निचर मिळतं, ते सुंदर असलं तरी त्याचा घाट अगदी वेगळा. तुमच्या यादीसाठी एवढं लांब जायचं कारण नाही.

आता पारख. यावर मी सगळ्यांत जास्त लिहिणार आहे, कारण पैसे जातात ते इथे.

वस्तू उलटी करा. दुकानदार नको म्हणाला तर ती घेऊ नका. वरून सगळ्या वस्तू सारख्या दिसतात, खालून खरं कळतं. न पॉलिश केलेलं जुनं सागवान खालच्या बाजूला तपकिरी-करडं, कोरडं आणि थोडं असमान काळवंडलेलं असतं. सगळीकडे सारखाच गडद रंग दिसला तर तो डाग लावून आणलेला असतो. झीज कुठे आहे ते बघा. माणूस हात ठेवतो तिथे, म्हणजे हातांच्या पुढच्या टोकाला, कडा गुळगुळीत झालेल्या असतात. पाय टेकवतो त्या आडव्या दांडीवर मधोमध झीज असते. ड्रॉवरच्या खालच्या कडा घासून बारीक झालेल्या असतात, आणि ज्या पट्टीवर त्या सरकतात तिथे चर पडलेला असतो. नव्या वस्तूला मुद्दाम मारलेली झीज सगळीकडे सारखी असते, जिथे कोणाचा हात-पाय लागायचं कारण नाही तिथेही.

सांधे बघा. चांगल्या जुन्या खुर्चीत कुसू, म्हणजे एका लाकडाचं पुढे काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला असतो, आणि कधी त्यावर आरपार लाकडी खुंटी असते. ड्रॉवरच्या कोपऱ्यात हाताने कापलेले डव्हटेल सांधे (पाखराच्या शेपटीसारख्या दातांचे) एकसारखे नसतात. एक दात जाड, एक बारीक, आणि कापण्यासाठी मारलेली आखणीची रेघ अजून दिसते. स्क्रूला डोक्यावर एकच सरळ खाच असली पाहिजे. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला म्हणजे वस्तू खोटी असं नाही, कोणी तरी नंतर दुरुस्त केली असेल. पण सगळेच स्क्रू तसे असतील तर विचारा. मागच्या फळ्या बघा. पातळ प्लायवूड पन्नासच्या दशकात वापरात होतं, म्हणून प्लाय दिसला की तोंड वाकडं करू नका. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) दिसला तर मात्र प्रश्नच मिटला. तो शोधच साठच्या दशकातला, आणि आपल्याकडे घरोघर पोहोचायला त्यानंतर बरीच वर्षं गेली.

जुन्या दारांच्या, वाशांच्या लाकडातून बनवलेली नवी खुर्ची ओळखायची एक सोपी खूण आहे. विचित्र जागी बुजवलेली भोकं. खुर्चीच्या पायात मधेच बिजागरीची बुजवलेली खाच असायचं काय कारण? अशी वस्तू वाईट नसते, लाकूड मुरलेलं असतं आणि काम चांगलं असेल तर ती टिकतेही. पण तिची किंमत नव्या कामाची द्यायची, जुन्या वस्तूची नाही.

‘बर्मा टीक आहे साहेब’ हे वाक्य तुम्ही प्रत्येक दुकानात ऐकाल. युद्धाआधी मुंबईत ब्रह्मदेशाचं सागवान येत होतं हे खरं. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतल्यावर तो ओघ तुटला. पण त्याच काळात आपल्याकडे बल्लारशाचं, दांडेलीचं, डांगचं सागवानही भरपूर वापरलं जात होतं आणि तेही उत्तम होतं. पॉलिश केलेल्या खुर्चीकडे बघून ते लाकूड रंगूनचं की बल्लारशाचं हे छातीठोकपणे कोणालाही सांगता येत नाही. सरळ रेषा, कमी गाठी, दाट पोत असेल तर त्या गुणाचे पैसे द्या. ‘बर्मा’ या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका. कोकणातल्या घरांतून आलेल्या वस्तू कधी फणसाच्या लाकडाच्या असतात. ते आधी पिवळं असतं आणि वर्षानुवर्षांनी तांबूस-तपकिरी होतं. ते साग म्हणून विकतात, पण ते स्वतःही टिकाऊ लाकूड आहे. शिसवी लाकूड हातात घेतलं की कळतं: जड, जांभळट-काळं आणि गार.

वजनावरून लाकडाचा अंदाज बांधता येतो. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण 18-19 किलो भरतं, शिसवी 24 किलोच्या आसपास. नुसत्या सागवानी सांगाड्याची खुर्ची 9 किलो भरली तर तीत साधारण अर्धा घनफूट लाकूड आहे. आजचा सागवानाचा घनफुटाचा दर वखारीत विचारा आणि गुणा. रंधून-कापून वाया गेलेलं लाकूड धरण्यासाठी त्यात निम्म्याची भर घाला, वर चांगल्या सुताराची मजुरी धरा. हा आकडा म्हणजे तीच खुर्ची आज नवी करायला येणारा खर्च. जुनी, अस्सल, धडधाकट खुर्ची त्याच्या आसपास मिळत असेल तर घ्या. दुप्पट मागत असेल तर काय विशेष आहे ते त्याला दाखवायला सांगा.

आरामखुर्ची घेताना बसून बघाच, नुसतं हात लावून नाही. पूर्ण रेला, दोन्ही हातांवर वजन टाका, हळूहळू डावी-उजवीकडे हला. करकर चालेल, सांधे सैल झाले की तसं होतंच, आणि ते उघडून पुन्हा चिकटवता येतात. मागच्या वळणदार पायात मात्र तडा नको. हे पाय रुंद फळीतून वळण काढून कापलेले असतात. रेषा जिथे वळणाच्या आडवी जाते तिथे लाकूड कमजोर असतं आणि चीर पडते ती तिथेच. पुढे सरकणाऱ्या फळ्यांचा बोल्ट खाच मोठी करून ठेवतो, तेही बघा. वेत हाताने विणलेला असेल तर चौकटीभोवती भोकांची रांग असते आणि खालून प्रत्येक भोकातून वेत गेलेला दिसतो. यंत्रावर विणलेली तयार जाळी असेल तर भोकं नसतात, चौकटीत खाच पाडून जाळी दाबलेली असते आणि वर वेताची पट्टी चिकटवलेली असते. खाली जुनी भोकं बुजवलेली आणि वर खाच नवी, असं दिसलं तर कोणी तरी कष्ट वाचवले आहेत, आणि भोकांजवळ पाडलेल्या खाचेने चौकट कमकुवत झालेली आहे. फाटलेला वेत बघून घाबरू नका, उलट भाव पाडायला ते चांगलं कारण आहे. हाताने विणणारे कारागीर आजही आहेत. अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ही कला कित्येक दशकं शिकवली आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या त्यांच्याकडूनच विणून घेतल्या जात. शक्य असेल तर काम त्यांच्याकडेच द्या. प्लास्टिकचा वेत लावू नका. मुंबईच्या उकाड्यात त्यावर बसवत नाही. आणि वेत नुसता सैल पडला असेल तर नवा कशाला? खुर्ची उलटी करून जाळीला खालच्या बाजूने गरम पाण्याचं ओलं फडकं लावा, मुरू द्या, सावलीत वाऱ्यावर सुकू द्या. वेत आकसून पुन्हा ताणला जातो. वरची चकचकीत बाजू पाणी पीत नाही, म्हणून खालून.

कीड. पक्क्या सागवानाच्या गाभ्याला भुंगेरे सहसा लागत नाहीत. लागतात ते कडेच्या फिकट, कच्च्या लाकडाला आणि ड्रॉवरच्या तळाच्या, मागच्या हलक्या फळ्यांना. बारीक भोकं दिसली तर वस्तू काळ्या कागदावर ठेवून आठवडा-दोन आठवडे थांबा. कागदावर ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. नाही पडली तर बहुधा ती जुनी खूण आहे. जिवंत असेल तर बाकीच्या फर्निचरजवळ आणू नका, आधी औषध मारून घ्या आणि खराब फळी बदला. वाळवीने पोखरलेला पाय बोटाने ठोकला की पोकळ आवाज येतो. असा एक पाय बदलता येतो, तीन असतील तर सोडून द्या.

पॉलिशच्या बाबतीत माझा आग्रह आहे आणि तो मी प्रत्येक गिऱ्हाइकापुढे मांडतो: घासून नवीन करू नका. त्या काळचं पॉलिश चपड्याचं असे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या गोळ्याने थरावर थर चढवत. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आतल्या बाजूला लावून बघा. चिकट झालं आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर ते लाखेचं आहे, आणि हा मोठा फायदा आहे. लाखेवर नवा थर जुन्यात मिसळून जातो. म्हणजे सगळं खरवडण्याची गरज नसते. आधी सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मळ काढा, मग टर्पेंटाइनने जुनं मेण आणि तेल काढा, नंतर पॉलिशवाल्याकडून लाखेचे दोन-तीन पातळ हात, वर मेण. मशीनने घासून वर जाड चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारला की वीस मिनिटांत सत्तर वर्षांचा रंग निघून जातो आणि तो परत आणता येत नाही. टीपॉयवर मात्र गरम कप ठेवणार असाल तर लाखेवर पांढरा डाग पडतो. तिथे वर काच टाका, आजोबांच्या घरातही बहुधा काचच होती.

पावसाळ्यात ड्रॉवर अडकला म्हणून तो रंधू नका. लाकूड फुगलेलं असतं. दिवाळीनंतर तोच ड्रॉवर खुळखुळायला लागेल. मेणबत्ती घासा आणि थांबा.

शोकेसबद्दल वेगळी सूचना. गोल कोपऱ्याची वळवलेली काच तुमच्या फोटोत दिसत असेल तर ती शाबूत असलेलीच वस्तू घ्या. सपाट काच कुठेही मिळते, वळवलेली काच मापानुसार करून घेणं महाग आणि वेळखाऊ. लाकडी वळणावर वरून व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असतं, ते नखाने ठोकून बघा. पोकळ वाजलं तर सुटलेलं आहे. थोडं सुटलं असेल तर चिकटवता येतं. आणि विकत घेण्याआधी तुमच्या लिफ्टचं, जिन्याच्या वळणाचं, दाराचं माप घ्या. मोठी जुनी कपाटं बहुतेकदा माथं, पाया आणि बाजू स्क्रूंवर सुटी होणारी असतात. ती सुटी करूनच हलवा आणि प्रत्येक भागावर खडूने खूण करा. हमालांवर सोडलं तर ते दोरी बांधून उचलतात आणि वळलेला कोपरा तिथेच उडतो.

एका फसवणुकीपासून सावध करतो. चंडीगडच्या सरकारी इमारतींसाठी वास्तुविशारद पिअर जान्नरे यांच्या देखरेखीखाली केलेल्या साग-वेताच्या, उलट्या इंग्रजी व्ही आकाराच्या पायांच्या खुर्च्या आज जगभर गाजतात. तिथल्या कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या, परदेशी लिलावांत त्यांना मोठे भाव आले, आणि 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंडीगडच्या अशा वारसा-वस्तू बाहेर पाठवण्यावर बंदी घातली. त्यानंतर नकलांचा पूर आला. खालून पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर लिहिलेला असतो, तोही आता रंगवून मिळतो. तुमच्या आजोबांकडे ती खुर्ची नव्हती, म्हणून ‘अगदी तशीच आहे’ असं सांगून ती कोणी पुढे केली तर तिच्यात अडकू नका.

शोधूनही मिळालं नाही तर? वर्षभर थांबा, नंतर बनवून घ्या. यात कमीपणा काहीच नाही, आजोबांचीही कोणीतरी बनवलीच होती. पाडलेल्या इमारतींचं जुनं सागवान वखारींत मिळतं, ते मुरलेलं असल्याने नव्या लाकडासारखं पिळत नाही. फोटोवरून काढलेली मापं द्या, आधी स्वस्त लाकडात एक बाजू करून घ्या, बसून बघा, पाठीचा कोन जमला की मग सागवान कापा. आरामखुर्चीत सगळा आराम त्या कोनात असतो. सुतार शोधताना त्याला दोनच गोष्टी विचारा: खिळे न वापरता सांधा करून दाखव, आणि आधी केलेली पाच-सात वर्षं जुनी खुर्ची कोणाच्या घरी आहे ते सांग. तिथे जाऊन तीवर बसून या.

राहिली बहिणीची गोष्ट. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत. 1940-60 मधल्या वस्तूंना ती आडकाठी नाही, पण जुनी दिसणारी वस्तू कस्टमवाले अडवू शकतात, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधीच घ्या. लाकूड साग असेल तर पुढचं सोपं. शिसवी असेल तर अडचण आहे: शिसवाची अख्खी प्रजाती जानेवारी 2017 पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि त्याची कागदपत्रं नसतील तर वस्तू बंदरात अडकू शकते. तिला सागवानीच पाठवा. पॅकिंगच्या खोक्याचं कच्चं लाकूडही उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का मारलेलं लागतं, ते पॅकरकडून लेखी घ्या. आणि बहिणीला सांगा की हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरातली हवा फार कोरडी असते. मुंबई-पुण्याच्या दमट हवेत वाढलेलं लाकूड तिथे आकसतं, सांधे सुटतात, रुंद फळ्यांना चिरा जातात. खुर्ची हीटरच्या झोतापासून लांब, बाहेरच्या भिंतीपासून थोडी अलीकडे ठेवायची, आणि खोलीतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहील असं बघायचं. वेताला महिन्यातून एकदा खालून ओलं फडकं लावलं तर तो तडकत नाही.